पदवी, ऋण आणि वृत्ती : वैद्यकशिक्षणाच्या कर्जाचा हिशेब

चरकाचार्यांनी सूत्रस्थानात तीन एषणांचे विवेचन केले आहे. प्राणैषणा, धनैषणा आणि परलोकैषणा हा त्यांचा क्रम. प्राणरक्षणानंतर लगेच धनाला स्थान देताना आचार्यांनी संकोच केलेला नाही. साधनांवाचून लाभलेले दीर्घायुष्य ही त्यांनी मोठी आपत्तीच मानली असून कृषी, पशुपालन, वाणिज्य, राजसेवा इत्यादी उपजीविकेचे मार्गही सांगितले आहेत. त्या काळी वैद्यविद्या गुरुगृही मिळे. विद्या संपादन करून बाहेर पडणाऱ्या शिष्याच्या हाती बँकेचे कर्जखाते नसे. आज ते असते. म्हणूनच धनैषणेचा विचार आज पदवीच्या आधी करावा लागतो, हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन होय.

या विषयावर लेखणी उचलण्यास एक प्रसंग कारण झाला. आमच्या चिकित्सालयात एक तरुण वैद्य दोन वर्षे साहाय्यक म्हणून होता. रुग्णाचे शांतपणे ऐकून घेणारा, संहिता आवडीने वाचणारा, बस्तिकर्मात हात बसलेला. एके दिवशी त्याने शहरातील एका रुग्णालयात रात्रपाळीचा निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून जात असल्याचे सांगितले. आम्हास वाईट वाटले आणि थोडा रागही आला. इतके शिकवले, ते यासाठी का, असे आम्ही त्यास बोलूनही गेलो. त्याने खिशातून भ्रमणध्वनी काढून बँकेचा संदेश दाखवला. दरमहा हप्ता एकोणीस हजारांच्या वर होता. आम्ही त्यास देत असलेले मानधन चौदा हजार रुपये होते. "सर, पहिले वर्ष हप्ता नव्हता. दुसऱ्या वर्षी वडिलांनी उसाच्या बिलातून भरला. आता त्यांना जमणार नाही," एवढेच तो म्हणाला.

दोन वर्षे शेजारी बसलेल्या मुलाच्या डोक्यावर किती ऋण आहे, हे आम्ही एकदाही विचारले नव्हते. आम्ही स्वतः २००३ साली पदवी घेतली, तेव्हा वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतून शुल्क भागले होते. कर्जाचा हप्ता म्हणजे काय, हे आम्हास अनुभवाने ठाऊक नव्हते. आपल्यापैकी अनेकांची स्थिती अशीच असेल. त्यामुळे कोणी पालक आपणाकडे येऊन "मुलीला बी.ए.एम.एस.ला घालू का?" असे विचारतो, तेव्हा आपण शास्त्राची थोरवी सांगतो, जम बसलेल्या वैद्यांची उदाहरणे देतो, पण हिशेब मांडत नाही. तो कसा मांडावा, हे येथे क्रमाने पाहू.

खर्चाची गणना

बी.ए.एम.एस. हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे : साडेचार वर्षे अध्ययन आणि एक वर्ष आंतरवासिता. बहुतेक पालक केवळ शिक्षणशुल्क मोजतात. वास्तविक पाहता मोजावयाच्या गोष्टी चार आहेत. पहिली शिक्षणशुल्क. दुसरी सहासष्ट महिन्यांचा निवास व भोजन. तिसरी ग्रंथ, परीक्षाशुल्क, प्रवास इत्यादी किरकोळ वाटणारा पण वर्षागणिक साचत जाणारा खर्च. चौथी गोष्ट कोणत्याही पावतीवर दिसत नाही, ती म्हणजे या काळात न मिळालेली कमाई.

शिक्षणशुल्कात महाविद्यालयागणिक मोठे अंतर असते. शासकीय महाविद्यालयाचे शुल्क आणि खासगी विनाअनुदानित महाविद्यालयाचे शुल्क यांची तुलनाच होऊ शकत नाही. महाराष्ट्रात खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या कायद्यान्वये स्थापन झालेले शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. त्यामुळे प्रवेशापूर्वी त्या महाविद्यालयाचे मंजूर शुल्क किती, हे पाहणे प्रत्येक पालकाचे पहिले काम आहे. केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतील जागा आणि संस्थास्तरावरील जागा यांत शुल्काचा व सवलतींचा फरक पडतो, हेही ध्यानी घ्यावे.

पुढील अंक केवळ उदाहरणार्थ घेतले आहेत. वाचकांनी त्यांच्या जागी आपापले अंक घालावेत. वार्षिक शुल्क २,५०,००० रुपये धरल्यास साडेचार वर्षांचे ११,२५,००० रुपये होतात. निवास-भोजन दरमहा ८,००० रुपये धरल्यास ६६ महिन्यांचे ५,२८,००० रुपये. ग्रंथ, परीक्षा, प्रवास यांसाठी सर्व वर्षांचे मिळून ८२,००० रुपये. एकूण १७,३५,००० रुपये. यांपैकी ७,३५,००० रुपये कुटुंबाने आपल्या बचतीतून घातले आणि दहा लाख रुपये कर्ज काढले, असे समजू.

कर्जाची रचना

आज बँकांमधून मिळणारे शैक्षणिक कर्ज मुख्यतः भारतीय बँक संघाने २००१ साली तयार केलेल्या व पुढे वेळोवेळी सुधारलेल्या आदर्श योजनेच्या धर्तीवर असते. तिची ठळक वैशिष्ट्ये अशी. चार लाखांपर्यंतच्या कर्जास तारण लागत नाही. पालक सहकर्जदार असतात. २०१५ साली सुरू झालेल्या पतहमी निधी योजनेमुळे साडेसात लाखांपर्यंतचे कर्ज तारणाविना देण्याची सोय झाली. त्यापुढील रकमेस सामान्यतः घर, जमीन वा ठेव तारण ठेवावी लागते. आपल्या उदाहरणातील दहा लाखांच्या कर्जासाठी घराचे कागद बँकेत जातात, हे पालकांनी विसरू नये.

अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. बँकेच्या भाषेत हा मोरेटोरियम. पुष्कळ पालक याचा अर्थ व्याजही थांबते असा घेतात, आणि येथेच हिशेब चुकतो. या काळात सरळ व्याज साठत राहते आणि परतफेड सुरू होताना ते मुद्दलात मिळवले जाते.

दहा लाख रुपये पाच वर्षे दर वर्षाच्या आरंभी दोन-दोन लाख असे उचलले आणि व्याजाचा दर दहा टक्के धरला, तर परतफेड सुरू होते साडेसहा वर्षांनी. पहिल्या दोन लाखांवर साडेसहा वर्षांचे व्याज, दुसऱ्यावर साडेपाच वर्षांचे, तिसऱ्यावर साडेचार, चौथ्यावर साडेतीन आणि पाचव्यावर अडीच वर्षांचे. एकूण व्याज ४,५०,००० रुपये. म्हणजे पहिला हप्ता भरण्याच्या दिवशी दहा लाखांचे कर्ज साडेचौदा लाखांचे झालेले असते.

ही रक्कम दहा वर्षांत फेडावयाची तर मासिक हप्ता सुमारे १९,१६० रुपये येतो आणि एकूण सुमारे २३ लाख रुपये भरले जातात. मुदत पंधरा वर्षे केल्यास हप्ता सुमारे १५,५८० रुपयांवर येतो, पण भरावयाची एकूण रक्कम २८ लाखांच्या पुढे जाते. लक्षात ठेवण्यास सोपे सूत्र असे : या दराने व या पद्धतीने उचललेल्या प्रत्येक एक लाख कर्जामागे दहा वर्षे दरमहा सुमारे १,९०० रुपये मोजावे लागतात. शासकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्याने तीन लाख उचलले असतील, तर त्याचा हप्ता सुमारे ५,७५० रुपये होईल. पदवी दोघांचीही तीच, पाटीवरील अक्षरेही तीच. दरमहा तेरा हजारांहून अधिक अंतर मात्र दहा वर्षे राहते.

उत्पन्नाचे स्वरूप

आता दुसऱ्या पारड्याकडे वळू. नवपदवीधर वैद्यासमोर साधारणतः तीन मार्ग असतात : खासगी रुग्णालयातील नोकरी, शासकीय योजनांतील कंत्राटी पद आणि स्वतःचे चिकित्सालय.

खासगी रुग्णालयातील नोकरी लगेच मिळते, हा तिचा गुण. उदाहरणार्थ मासिक वेतन २५,००० रुपये धरू. शहरात भाड्याची खोली व भोजन ११,००० आणि जाणे-येणे व इतर ३,००० रुपये वजा जाता ११,००० रुपये उरतात. हप्ता आहे १९,१६०. दरमहा ८,१६० रुपयांची तूट. मुदत पंधरा वर्षे केली तरी साडेचार हजारांहून अधिक तूट राहतेच. ही तूट भरण्यासाठी तरुण वैद्य दुसऱ्या रुग्णालयात रात्रपाळी धरतो. दिवसा एक आणि रात्री एक अशा दोन नोकऱ्यांत संहिता कोणी व केव्हा उघडावी?

शासकीय योजनांत आयुष पदवीधरांना स्थान आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकांत दोन आयुष वैद्यकीय अधिकारी असतात. २०१८ नंतर उभ्या राहिलेल्या आरोग्यवर्धिनी केंद्रांतील समुदाय आरोग्य अधिकारी या पदासाठीही आपले पदवीधर मोठ्या संख्येने गेले. उत्पन्नाचे सातत्य हा या पदांचा लाभ आहे. ती बहुधा कंत्राटी असतात आणि जागा मर्यादित असतात, हे त्यांचे वैगुण्य. अध्यापनाची इच्छा असेल तर पदव्युत्तर पदवीची आणखी तीन वर्षे धरावी लागतात.

तिसरा मार्ग आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा. लहान गावात भाड्याच्या जागेत चिकित्सालय थाटले असे समजू. सल्ला व औषध मिळून प्रत्येक रुग्णाकडून सरासरी २०० रुपये येतात, त्यांपैकी औषधांची खरेदी ७० रुपये. म्हणजे रुग्णामागे १३० रुपये उरतात. महिन्याचे कामाचे दिवस २५. पहिल्या वर्षी रोज सहा रुग्ण आल्यास १९,५०० रुपये होतात. त्यातून जागेचे भाडे, वीज, मदतनीस यांचे १३,५०० वजा जाता हाती ६,००० उरतात. दुसऱ्या वर्षी रोज दहा रुग्ण आणि स्थिर खर्च १४,५०० धरल्यास १८,००० रुपये. तिसऱ्या वर्षी रोज पंधरा रुग्ण आणि स्थिर खर्च १५,५०० धरल्यास ३३,२५० रुपये.

हे अंक निराशाजनक नाहीत. तीन वर्षांत वाढलेला हा व्यवसाय चांगलाच म्हणावा लागेल. आता त्यावर कर्जाचे वेळापत्रक ठेवून पाहा. सवलतीचे एक वर्ष म्हणजे व्यवसायाचे पहिले वर्ष. पहिला हप्ता येतो तो दुसऱ्या वर्षाच्या आरंभी. त्या वर्षीचे सारे उत्पन्न १८,००० आणि हप्ता १९,१६०. म्हणजे वैद्याने महिनाभर काम करून स्वतःच्या घरी एक रुपयाही न नेता वर ११६० रुपये उसने आणावयाचे. रुग्णांच्या भाषेत सांगावयाचे तर रोजचे पहिले चार-पाच रुग्ण जागामालकाचे, पुढील सहा रुग्ण बँकेचे, आणि अकराव्या रुग्णापासून पुढे वैद्याच्या घरी पैसा येऊ लागतो. दुसऱ्या वर्षी अकरावा रुग्ण येत नाही.

आमच्या मते या संपूर्ण विषयाचे मर्म येथे आहे. बी.ए.एम.एस. पदवी तोट्याची आहे असे नव्हे. आयुर्वेदाचा व्यवसाय सावकाश रुजतो, एकदा रुजला की दीर्घकाळ फळ देतो. कर्जाचा हप्ता मात्र रुजण्याची वाट पाहत नाही. पालक मनात तुलना करतात ती वीस वर्षे जम बसलेल्या वैद्याच्या कमाईशी. हप्ता भरावा लागतो तो दुसऱ्या वर्षीच्या कमाईतून. जे तरुण या काळात शास्त्रापासून दुरावतात, ते श्रद्धा नसल्यामुळे दुरावत नाहीत. त्यांना तीन वर्षे थांबण्याची उसंत मिळालेली नसते.

ऋणाचे साध्यासाध्यत्व

आहाराची मात्रा अग्निबळावर अवलंबून असते, हे आपण रुग्णास रोज सांगतो. तोच न्याय कर्जास लावावा. कर्ज किती मिळते यावर त्याची मात्रा ठरवू नये. पदवीनंतरच्या दुसऱ्या वर्षी किती कमाई होईल, त्या बळावर ठरवावी. सोयीसाठी आम्ही पुढीलप्रमाणे वर्गीकरण करतो. हे आमचे व्यवहारातील अनुमान आहे, कोणा बँकेचा नियम नव्हे.

हप्ता दुसऱ्या वर्षीच्या अपेक्षित मासिक उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत असेल तर ऋण सुखसाध्य. पाचव्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत असेल तर कृच्छ्रसाध्य, काटकसरीने फिटेल. तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत असेल तर याप्य. म्हणजे घरचा आधार चालू असेतो तग धरेल, आधार सुटताच बळावेल. निम्म्याच्या वर गेल्यास ते प्रत्याख्येय समजावे आणि त्या अटींवर प्रवेश घेऊ नये.

उत्पन्न २५,००० रुपये धरल्यास या मर्यादा अनुक्रमे ५,०००, सुमारे ८,३३० आणि १२,५०० रुपये येतात. शासकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्याचा ५,७५० चा हप्ता कृच्छ्रसाध्य गटाच्या आरंभी बसतो. खासगी महाविद्यालयातील १९,१६० चा हप्ता प्रत्याख्येय ठरतो. पंधरा वर्षांच्या मुदतीनेही तो त्या गटाबाहेर पडत नाही. उलट गणित केल्यास असे दिसते की व्याज साठू देऊन दहा वर्षांत फेडावयाचे असेल, तर २५,००० च्या उत्पन्नावर सुमारे चार लाख पस्तीस हजारांपर्यंतचेच कर्ज कृच्छ्रसाध्य मर्यादेत राहते.

अन्य आरोग्यविषयक पदव्यांशी तुलना

आपल्या औषधी-विक्रेत्या बंधूंच्या घरी हा प्रश्न अनेकदा तुलनेच्या रूपात येतो. मुलाने बी.ए.एम.एस. करावे, की औषधनिर्माणशास्त्र, परिचर्या वा प्रयोगशाळा-तंत्रज्ञान? औषधनिर्माणशास्त्राची पदविका दोन वर्षांची, पदवी चार वर्षांची. परिचर्येची पदवी चार वर्षांची. भौतिकोपचार, नेत्रपरीक्षण, क्ष-किरण व प्रयोगशाळा-तंत्रज्ञान अशा शाखांसाठी २०२१ साली केंद्रीय कायदा होऊन स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाची तरतूद झाली आहे.

यांतील पुष्कळ शाखांत कमाई पगाराच्या रूपाने आणि लवकर सुरू होते. पदविकाधारक बी.ए.एम.एस. विद्यार्थ्यापेक्षा साडेतीन वर्षे आधी मोकळा होतो. तो दरमहा १५,००० रुपये मिळवू लागला असे धरल्यास ४२ महिन्यांत ६,३०,००० रुपये होतात. वर ज्या न दिसणाऱ्या चौथ्या खर्चाचा उल्लेख केला, तो हाच. ज्या घरी औषधालय आधीच उभे आहे, तेथे पदविकेने मुलास दुकानाची कायदेशीर जबाबदारी घेता येते आणि कर्जही थोडे लागते. दुसऱ्या बाजूस, पगाराची वाढ एका मर्यादेनंतर मंदावते. वैद्याच्या उत्पन्नास व प्रतिष्ठेस तशी ठरलेली मर्यादा नसते आणि वयाने ती घटतही नाही. तात्पर्य, ज्याच्यापाशी थांबण्याचे बळ आहे त्याला दीर्घ मार्ग लाभतो. ज्याच्यापाशी ते नाही, त्याने एकतर स्वस्त जागा मिळवावी किंवा लवकर फळ देणारा मार्ग धरावा. यात कमीपणा काहीच नाही.

ऋणभार हलका करण्याचे उपाय

पहिला उपाय म्हणजे अध्ययनकाळातच व्याज भरत जाणे. वरील उदाहरणात पहिल्या वर्षी दरमहा सुमारे १,६७० रुपये आणि दहा लाख पूर्ण उचलल्यावर सुमारे ८,३३० रुपये व्याज येते. ते वेळच्या वेळी भरल्यास परतफेडीच्या आरंभी मुद्दल दहा लाखच राहते, दहा वर्षांचा हप्ता सुमारे १३,२१५ रुपयांवर येतो आणि एकूण सुमारे २,६०,००० रुपये वाचतात. अशा कर्जदारांना काही बँका व्याजदरातही सवलत देतात. याच कर्जास पंधरा वर्षांची मुदत घेतल्यास हप्ता १०,७५० च्या आसपास येतो, म्हणजे प्रत्याख्येय ऋण निदान याप्य होते. पुढे उत्पन्न वाढल्यावर अधिक रक्कम भरून मुदत घटवता येते.

दुसरा उपाय शासकीय सवलतींचा. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना यांची माहिती प्रवेशाआधीच घ्यावी. जुलै २०२४ च्या शासननिर्णयानुसार वार्षिक आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्काची संपूर्ण सवलत मिळू लागली. ही सवलत केंद्रीभूत प्रक्रियेतून घेतलेल्या प्रवेशास आहे, संस्थास्तरावरील प्रवेशास नाही. केवळ हा भेद ठाऊक नसल्याने एखादे घर दहा लाखांच्या कर्जात पडू शकते. व्याजाच्या बाबतीत, साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी सवलतकाळातील व्याज अनुदानाची केंद्रीय योजना आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलतीची तरतूद आहे. मात्र तिच्यासाठी आपले महाविद्यालय तिच्या यादीत असावे लागते.

तिसरी गोष्ट आयकराविषयी. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरील वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते, तीही जुन्या करपद्धतीत. कर्ज घेताना हा लाभ मोठा करून सांगितला जातो. दरमहा २५,००० मिळवणाऱ्यास मुळात करच नसतो, तेव्हा त्याला याचा उपयोग शून्य.

चौथी गोष्ट कालावधीची. एखाद्या विषयात राहिल्यामुळे अभ्यासक्रम लांबला तर व्याज वाढते आणि कमाई पुढे जाते. बँका अशा वेळी सवलतकाळ वाढवून देऊ शकतात, पण त्यासाठी हप्ता थकण्यापूर्वी अर्ज करावा लागतो. २०२० च्या भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोग कायद्यात परवाना व नोंदणीसाठी राष्ट्रीय निर्गम परीक्षेची तरतूद आहे, हेही नव्या विद्यार्थ्यांनी आपल्या वेळापत्रकात धरावे.

आपले कर्तव्य

येथवरचा हिशेब पालकांसाठी झाला. आता दोन शब्द आपल्यासाठी.

वैद्यवर्गास आमची विनंती अशी की, साहाय्यक वैद्य ठेवताना त्याच्या कर्जाची चौकशी आपुलकीने करावी. शिकावयास मिळते हेच मानधन, ही भूमिका ऋणमुक्त शिष्याच्या काळात शोभत होती. आज ती सोडावी लागेल. आम्ही स्वतः आता नव्या साहाय्यकास ठरावीक मानधनाखेरीज पंचकर्माच्या उत्पन्नात हिस्सा देतो. हे आम्ही दोन वर्षे आधी केले असते, तर एक चांगला वैद्य हातचा गेला नसता.

औषधी-विक्रेत्या बंधूंच्या हाती याहून मोठे साहाय्य आहे. अनेक औषधालयांत मागील बाजूस एखादी खोली रिकामी असते. ती नव्या वैद्यास दोन वर्षे भाड्याविना दिली आणि त्याचा स्थिर खर्च १४,५०० ऐवजी ४,००० रुपयांवर आला, तर दुसऱ्या वर्षी त्याचे उत्पन्न १८,००० ऐवजी २८,५०० रुपये होते. हप्ता भरून त्याच्या घरी ९,३४० रुपये जातात. तूट संपते, आणि दुकानासही रुग्ण मिळतात. पथ्य एकच : अमुक औषध लिहावे, तमुक कंपनीचेच लिहावे अशी अट त्यास घालू नये. ऋणाने वाकलेला वैद्य अशी अट नाकारू शकत नाही, म्हणूनच ती घालणे अनुचित. उधारीच्या वहीत एखाद्या तरुण वैद्याचे नाव वारंवार पुढे ढकलले जात असेल, तर तगादा लावण्यापूर्वी त्याच्या बँकेचा हप्ता किती, हे एकदा विचारावे.

जामीनदारीविषयीही सावध केले पाहिजे. ओळखीपोटी आपण पटकन सही करतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार जामीनदाराचे दायित्व सामान्यतः मूळ ऋणकोइतकेच असते. साक्षीदाराची सही आणि जामीनदाराची सही एक नव्हे. सही करावयाची असेल तर वरील हिशेब आधी त्या कुटुंबासह बसून मांडावा. हिशेबात ऋण प्रत्याख्येय ठरत असेल, तर सही नाकारणे हाच त्या मुलावरील खरा स्नेह होय.

आमचा तो तरुण सहकारी अद्याप रात्रपाळीत आहे. मध्यंतरी भेटला तेव्हा म्हणाला, "सर, आणखी चार वर्षे. मग परत येतो." तो येईल अशी आम्हास आशा आहे. तोपर्यंत त्याच्या मागून येणाऱ्यांना ही वेळ येऊ नये म्हणून प्रवेशाच्या दिवसांत आपल्या दारी आलेल्या प्रत्येक पालकास बसवून, कागद-पेन्सिल घेऊन, हा हिशेब करून द्यावा. नाडीपरीक्षेस लागतो तेवढाच वेळ त्यास लागतो. अलमतिविस्तरेण.